पान १३९ नंतर

मंगळवार, सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटं. ग्रंथपाल बाईंनी वाचनालयाच्या फाटकातली परतीची पेटी उघडली, तेव्हा आत सात पुस्तकं होती. त्याआधी पेटी साडेआठला रिकामी झाली होती. म्हणजे सातही पुस्तकं मधल्या तीन तास दहा मिनिटांत कुणीतरी टाकली. फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, लोक येतात, टाकतात, जातात. तोंडं कोण बघतंय?

बाईंनी पुस्तकं टेबलावर आणली आणि खोडरबर हातात घेतला.

एकोणीस वर्षांचा त्यांचा शिरस्ता होता : आधी खोडायचं, मग नोंद करायची. नोंद झाली रे झाली की समोरचे वाचक पुस्तक हातातून ओढून नेत. मग पेन्सिलीच्या रेघा, टिंबं, "वा!", "काहीही!" हे सगळं तसंच पुढच्याच्या गळ्यात पडे. आणि खोडायचं ते शेवटच्या पानापासून मागे. त्यालाही कारण होतं. शेवट फोडणारी माणसं शेवटीच लिहितात. एका वर्षी कुणीतरी रहस्यकथांच्या अकरा पुस्तकांत खुन्याच्या नावाखाली जाड रेघ मारून ठेवली होती. तेव्हापासून बाई उलट्या दिशेने खोडत आल्या. पान उलटायचं, खूण दिसली की रबर फिरवायचा, फुंकर मारायची, पुढचं पान. वाचायचं काही नसायचं. हात काम करी आणि बाई खिडकीबाहेर बघत नाहीतर समोरच्याशी बोलत.

सातातलं पाचवं पुस्तक जाडजूड होतं. चारशे बारा पानांची कादंबरी. कुठल्याशा दूरच्या ग्रहावर काचेच्या घुमटाखाली वसवलेल्या शहराची. बाई शेवटापासून मागे येत राहिल्या. पान १३९ वर रबर टेकवणार, तोच समासातल्या चपट्या, जाड पेन्सिलीच्या अक्षरांवर त्यांची नजर पडली. एरवी पडली नसती.

"घुमटाखाली रोज पाऊस पाडतात म्हणे. छान. तो साचतो कुठे?"

रबर तिथेच थांबला. ते अक्षर बाई झोपेतही ओळखत होत्या. ते लिहिणारा माणूस चौदा महिन्यांपूर्वी बेपत्ता झाला होता.

त्यांना सगळे नळवाले म्हणत. वय अठ्ठावन्न, धंदा नळदुरुस्तीचा, आणि वाचन फक्त दोन कपाटांचं : एकात जादूच्या राज्यांच्या कादंबऱ्या, दुसऱ्यात विज्ञान कादंबऱ्या. तिसऱ्या कपाटाला त्यांनी कधी हात लावला नाही. "दिवसभर खऱ्या गळत्या बघतो, बाई. संध्याकाळी निदान खोट्या बघू द्या," असं म्हणायचे.

बाईंनी स्वतः त्या दोन कपाटांतलं काही वाचलेलं नव्हतं. राक्षस, अंतराळयानं, तिसरा डोळा हे त्यांना जमत नसे. मग वाचकांना सांगणार काय? म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. त्या दोन कपाटांतल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी कोरी चिठ्ठी चिकटवली आणि नळवाल्यांना सांगितलं, वाचून झालं की दोन ओळी लिहीत जा. नळवाल्यांनी ते काम इतकं मनावर घेतलं की ते चिठ्ठी शाईने लिहीत, आणि समासात पेन्सिलीने कच्चं टिपण ठेवत. पाइपवर माप आखायची त्यांची तीच चपटी, मऊ पेन्सिल.

चिठ्ठीत ते कथा सांगत नसत. विश्वास कितव्या पानावर उडाला, तेवढं लिहीत.

"पान ६३. राजवाड्याला तीनशे खोल्या आणि मोरी एकही नाही. नमस्कार."

"ड्रॅगन मान्य. पण एवढं जनावर पितं काय, ते दाखवा. पान ११०."

"भविष्यवाणी पान नऊवर सांगून टाकली. मग उरलेली चारशे पानं आम्ही काय माश्या मारायच्या?"

"काळात मागे जाऊन चूक दुरुस्त करतात. आमच्या धंद्यात जुना सांधा उगाच उकलला की नव्या दोन गळत्या लागतात. लेखकाला हे ठाऊक आहे. शेवटपर्यंत विश्वास ठेवला."

एका अंतराळयानाच्या कादंबरीवर नुसतं इतकंच : "यान खोटं, व्हॉल्व्ह खरा. जरूर वाचा." ती कादंबरी तीन वर्षं कपाटात टिकली नाही, परत आली की पुढचा उभाच असे. आणि एक गाजलेली जाडी कादंबरी त्यांच्या चिठ्ठीने पडली ती कायमची. तिचा नायक एका दारातून दुसऱ्या जगात जातो. नळवाल्यांनी लिहिलं होतं : "पान ४१. घरी न सांगता निघाला. सहाशे पानांत एकदाही घर आठवत नाही. घरचेही शोधत नाहीत. असं कुठे असतं का? बंद केलं."

चौदा महिन्यांपूर्वी एका गुरुवारी ते दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी घरून निघाले. एका धुलाई केंद्राचा पंप पाणी खेचत नव्हता. मालकाने सांगितल्याप्रमाणे त्यांनी काम पुरं केलं, साबणाने हात धुतले आणि पाच पस्तीसला ते बाहेर पडले. हत्यारांची पिशवी केंद्राबाहेरच्या कट्ट्यावर सापडली, चेन लावलेली. फोन पिशवीतच वाजत होता. पंप नीट चालत होता, अजूनही चालतो. माणूस मिळाला नाही. जे नव्हतं ते एवढंच : नळवाले, आणि प्लास्टिकच्या पिशवीतलं वाचनालयाचं पुस्तक. ते पुस्तक नवं कोरं होतं. नळवाले त्याचे पहिले वाचक.

तेच आता बाईंसमोर होतं.

बाईंनी शेवटची चिठ्ठी पाहिली. कोरी. मग पुढून पानं चाळली. पान १७ ला टिपण, ५२ ला, ९० ला, १०४ ला, १३९ ला. त्यापुढे काही नाही. आणि त्यापुढे काही नसण्याला कारण एकच असू शकत होतं, किंवा दोन : नळवाल्यांनी पुढे लिहिलंच नाही, किंवा बाईंचा रबर फिरून गेला होता. टेबलावरच्या ताटलीत रबराचा चुरा पडला होता. पण तो पाच पुस्तकांचा चुरा होता. कुठला कुणाचा, देव जाणे.

मागच्या खोलीत पुस्तकांची बांधणी करणारे गृहस्थ होते. पस्तीस वर्षं खळ लावून लावून त्यांचं नाव खळमास्तर पडलं होतं. बाईंनी त्यांना हाक मारली आणि पुस्तक पुढे केलं.

"हे बघा. यातलं मी खोडलं."

"मग? रोजच खोडता. आज पेढे वाटायचेत का?"

"नळवाल्यांचं आहे."

खळमास्तरांनी हात आधी फडक्याला पुसले, मग पुस्तक घेतलं.

"किती पानांवर होतं?"

"आठवत नाही."

"दहा? पन्नास?"

"मास्तर, आठवत असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं? माझा हात फिरला हे ठाऊक आहे. या पुस्तकात फिरला की चौथ्यात, ते ठाऊक नाही. चौथ्यात कुणीतरी कवितांवर रेघोट्या मारल्या होत्या."

खळमास्तरांनी पुस्तक मिटून बाईंना परत दिलं. मग म्हणाले, "आधी त्यांच्या बायकोला कळवा. बाकीचं नंतर."

नळवाल्यांची बायको बुधवारी साडेदहाला आली. बाई तिला वहिनी म्हणत. वहिनींनी ती दोन कपाटं कधी उघडली नव्हती. त्यांचं म्हणणं, घरात एक वेडा पुरे. त्यांनी बसायच्या आधीच पुस्तक उघडलं आणि पान १३९ वर बोट ठेवलं.

"हे. हेच बोलले होते त्या दिवशी दुपारी जेवताना. पाऊस साचतो कुठे, पाऊस साचतो कुठे. मी म्हटलं, तुमच्या डोक्यात साचतो, जेवा आता. हसले. मग थोडं पडले, आणि चारला उठून गेले."

म्हणजे गुरुवारी दुपारी नळवाले पान १३९ वर होते. पुढचं जे काही असेल, ते त्यानंतरचं.

वहिनी पानं उलटू लागल्या. एकशे चाळीस. एकशे एकेचाळीस. प्रत्येक पानाचा समास त्या बोटाने वरून खाली तपासत होत्या, तांदूळ निवडावेत तसा. दोनशेपर्यंत तशाच गेल्या. मग वेग वाढला. चारशे बारावर त्यांनी पुस्तक मिटलं.

"इथेच थांबले म्हणायचे," त्या म्हणाल्या.

बाईंनी पुस्तक आपल्याकडे ओढून घेतलं.

"खरं सांगू का ताई, बरं झालं एका परीने. शुक्रवारी त्या तपासाच्या मॅडम येणार आहेत कागद घेऊन. शोध थांबवायला माझी हरकत नाही, असं लिहून हवंय त्यांना. चौदा महिने मी एकच हिशोब घालतेय. जिवंत असतील, तर मला सोडून गेले. नसतील, तर नाहीत. देवापुढे बसले की कळत नाही कुठलं मागू. पण ते पुढे वाचत गेले असते, तर लिहिल्याशिवाय राहिले असते का? तुम्हीच सांगा. हे माणूस औषधाच्या बाटलीवरचं वाचून त्यावरही मत द्यायचं."

"नसते राहिले," बाई म्हणाल्या.

"मग झालं तर. सही करून टाकते." वहिनींनी पदराने डोळे टिपले. "आणि घरी न सांगता जाणाऱ्यांना किती शिव्या द्यायचे, ठाऊक आहे ना तुम्हाला? ते कसे जातील?"

आणि पुस्तक इथे आणून टाकलं कुणी, हा प्रश्न तेवढा दोघींपैकी कुणीच काढला नाही. बाईंनी त्यांना फाटकापर्यंत पोचवलं. सांगायचं वाक्य तोंडात तयार होतं. तिथेच राहिलं. बाईंनी स्वतःची समजूत घातली : बाईमाणसाला चौदा महिन्यांनी एक बाजू मिळाली आहे, ती आपण का हिरावून घ्यायची? समजूत वहिनी रस्ता ओलांडेपर्यंत टिकली. परत येऊन टेबलाशी बसल्या, तेव्हा परतीच्या पेटीतून आलेली बारा पुस्तकं वाट पाहत होती. बाईंनी पहिलं उघडलं. समासात एक रेघ होती, कुणा शाळकरी हाताची. रबर उचलला, ठेवला. उचलला, ठेवला. बारातलं एकही पुस्तक त्या दिवशी कपाटात गेलं नाही.

वाचनालय रिकामं झाल्यावर कपाटांच्या मधून कुणी चाललं की जशी लाकडी जमिनीची फळी करकरते तशी ती करकरली. एकोणीस वर्षं करकरत होती. बाईंनी आज पहिल्यांदा उठून जाऊन पाहिलं.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता खळमास्तरांनी पुस्तक पूर्वेच्या खिडकीत नेलं. ऊन तिरपं पडतं तेव्हा कागदावरचे दाब दिसतात, सुरकुतीसारखे. एक एक पान तिरकं धरत दोघं दुपारपर्यंत उभे होते. मऊ पेन्सिलीचा दाब उमटत नाही, हे खळमास्तरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तरी दोन ठिकाणी उमटला होता. पान १८८ वर समासात उभी रेघ, बोटाच्या पेराएवढी. पान ३०७ वर तशीच एक. शब्द कुठेच नाही.

"त्यांचीच," बाई म्हणाल्या.

"रेघ कुणाचीही रेघच असते, बाई. पुस्तक चौदा महिने कुणाकडे होतं, काय माहीत? त्याने मारली असेल."

"खोडली मी."

"आता खोडली की आधीच कुणी खोडली होती, ते रबर सांगत नाही."

मग बाईंनी एकोणीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. ती कादंबरी वाचायला घेतली. पान १८८ वर घुमटाला तडा जातो आणि हवा निसटू लागते. तिथे रेघ समजण्यासारखी होती. पान ३०७ वर दोन बहिणी मिठाच्या वाटणीवरून भांडतात. ना पाणी, ना पाइप. आणि पान २४० वर शहराचं पंपघर होतं. चांगली तीन पानं वर्णन : टाक्या, झडपा, दाब, आणि सगळं साफ चुकीचं, ते बाईंनाही कळलं. पाणी उताराच्या उलट दिशेने आपसूक वाहत होतं. तिथे नळवाले गप्प बसले असते, हे शक्यच नव्हतं. ते पान खळमास्तरांनी पश्चिमेच्या खिडकीतल्या उतरत्या उन्हात चार वेळा फिरवलं. तिथे काही उमटलं नव्हतं.

"म्हणजे तिथवर ते पोचलेच नाहीत," बाई म्हणाल्या.

"किंवा हलक्या हाताने लिहिलं, आणि तुम्ही झकास पुसलं. तुमचं काम चोख असतं." खळमास्तरांनी खिडकी लावून घेतली. "उद्या सही आहे ना? मग आज घरी जाऊन वाक्य पाठ करा. नाहीतर जन्मभर फळ्यांची करकर ऐकत बसाल."

शुक्रवारी दहा वाजता बाई वहिनींच्या घरी पोचल्या. तपास अधिकारी मॅडम आधीच आल्या होत्या. कागद टेबलावर होता, पेन कागदावर. भिंतीशी हत्यारांची पिशवी होती, पोलिसांनी परत दिलेली. तिच्यावर धूळ नव्हती.

"या ताई, बसा. साक्षीदार म्हणून तुम्हीच सही करा," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, सही करू नका. पान १३९ नंतरचं मी खोडलंय."

 मग मॅडमनी विचारलं, "खोडलंय म्हणजे? काय खोडलंय?"

बाईंनी सांगितलं. पेटी, शिरस्ता, उलटी पानं, दोन दाब, पंपघर. काही राखून ठेवलं नाही, बुधवारी गप्प बसल्याचंही नाही.

वहिनींनी पेन उचलून बाजूला ठेवलं.

"काय लिहिलेलं होतं?"

"मला माहीत नाही."

"एखादं अक्षर तरी आठवत असेल."

"वहिनी, मी बघत नव्हते. हात करत होता."

"म्हणजे होतं की नव्हतं?"

"तेही सांगता येत नाही."

वहिनींनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्या हसल्या, आणि ते हसू ऐकवत नव्हतं. "ते असते ना, तर तुमच्यावर चिठ्ठी लिहिली असती. एकोणीस वर्षं पुस्तकं सांभाळतात, वाचत नाहीत. बाई पटल्या नाहीत."

"लिहायलाच हवी होती," बाई म्हणाल्या.

"बुधवारी मला सांगितलं असतंत तर मी दोन रात्री शांत झोपले नसते. तेवढे उपकार केलेत. आता ते कुठेतरी बसून वाचतायत, असं दिसणार मला. माझ्याविना जेवतायत, आणि पुस्तकात चुका काढतायत. हे तुम्ही दिलंत."

मॅडमनी घसा साफ केला. "बाई, तुमचा जबाब घ्यावा लागेल. पुस्तकही ताब्यात द्या."

जबाब अर्ध्या तासात झाला. त्यातलं महत्त्वाचं वाक्य मॅडमनी दोनदा खोडून तिसऱ्यांदा असं लिहिलं : "पान १३९ नंतर खुणा होत्या अथवा नव्हत्या, हे पुस्तक हाताळणाऱ्या व्यक्तीस सांगता येत नाही." बाईंनी त्याखाली सही केली. वहिनींनी त्यांच्या कागदावर केली नाही.

पुस्तक तपासणीला गेलं. पाच आठवड्यांनी अहवाल आला. १८८ आणि ३०७ या पानांवर पेन्सिलीसारख्या वस्तूचा दाब आहे. तो कुणाच्या हातचा आणि केव्हाचा, हे ठरवता आलं नाही. उरलेल्या पानांवर रबर फिरल्याच्या खुणा आहेत का, या प्रश्नाचं उत्तर : कागद खडबडीत असल्याने निश्चित सांगता येत नाही. फाटकावर आता कॅमेरा आहे. त्या मंगळवारी नव्हता.

वाचनालयाने त्या कादंबरीची दुसरी प्रत मागवली. ती आली त्याच दिवशी वहिनी येऊन घेऊन गेल्या. बाईंशी त्या तोवर फारसं बोलत नव्हत्या. त्या दिवशी मात्र म्हणाल्या, पुढे काय होतं ते मला सांगायचं नाही. दर मंगळवारी त्या मुदत वाढवायला येतात, कितव्या पानावर आहेत ते सांगतात आणि जातात. पंपघराबद्दल त्यांनी एवढंच विचारलं, "हे असं पाणी चढतं होय?" बाईंनी नाही म्हटल्यावर मान हलवली.

तपासाची फाइल उघडी आहे. बाई अजून खोडतात, पण पहिल्या पानापासून, आणि वाचून. त्यामुळे परतीची पुस्तकं तीन-तीन दिवस टेबलावर साठतात आणि वाचक कुरकुरतात. वहिनी गेले तीन मंगळवार पान ३०६ वर आहेत.